मी काही संत नाही!



आपल्या बोलण्यात एक वाक्य वरचेवर येते. रागाच्या भरात आपण शेजाऱ्याला टाकून बोलतो, बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी अबोला धरतो, हिशेबात थोडी हातचलाखी करतो, आणि कोणी त्याबद्दल टोकले की उत्तर तयार असते, ‘‘जाऊ द्या हो, मी काही संत नाही!’’ ऐकणारा हसतो आणि विषय तिथेच संपतो. वाक्य नम्रतेचे वाटते. पण त्यात नम्रता किती आणि पळवाट किती, हे ज्याचे त्याने मनाशी तपासून पाहावे. हे वाक्य मीही अनेकदा वापरले आहे आणि एकदा त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली आहे. ती गोष्ट पुढे सांगणार आहे.

संत म्हणजे वेदीवरचे पुतळे, फार तर फादर आणि सिस्टर. आपण पडलो प्रपंचातली माणसे, आपल्याला रविवारची मिस्सा आणि घरची रोझरी पुरे, अशी आपली समजूत असते. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, त्याच्या पाचव्या प्रकरणात, ही समजूत मोडीत काढली. स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही अवस्थेतला असो, पवित्रतेचे पाचारण आहे, असे तिने शिकवले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली याच विषयावर प्रेषितीय बोधपत्र लिहिले आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांची आठवण करून दिली. पण शिकवण कागदावर राहते आणि आपण आपल्या वाक्यावर राहतो.

म्हणून आज दोन प्रश्न विचारू या. साध्या, कष्टकरी, प्रापंचिक माणसाला खरोखर पवित्र होता येते का? आणि येत असेल, तर ते एकट्याने, दार लावून घेऊन साधते का? हे दोन प्रश्न ज्यांनी आयुष्यभर धरून ठेवले अशा एका ख्रिस्ती परंपरेकडे आज वळू या. ती आपली नाही, शेजारची आहे. ती म्हणजे मेथडिस्ट बंधुभगिनींची परंपरा.

शेजाऱ्याकडे का जायचे?

काहींना प्रश्न पडेल, की आपल्याकडे संतांची एवढी मांदियाळी असताना प्रॉटेस्टंटांच्या दारी कशाला जायचे? त्याचे एक उत्तर आपल्या ख्रिस्तसभेनेच दिले आहे. कॅथलिक आणि मेथडिस्ट यांच्यात १९६७ सालापासून अधिकृत संवाद चालू आहे. देवाच्या कृपेने माणूस नीतिमान कसा ठरतो, या ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपातील ख्रिस्तसभा दुभंगली, त्यावर कॅथलिक आणि लुथरन यांनी १९९९ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. २००६ साली दक्षिण कोरियातील सोल येथे जागतिक मेथडिस्ट परिषदही त्या घोषणेत सामील झाली. आणि २०१६ साली कॅथलिक-मेथडिस्ट संवादातून जो अहवाल निघाला, त्याचा विषयच मुळी पवित्रतेचे पाचारण हा होता.

दुसरे उत्तर असे, की या परंपरेचे संस्थापक जॉन वेस्ली आपल्या घरातूनही बरेच काही घेऊन गेले होते. तरुणपणी त्यांच्या मनावर ठसा उमटवणाऱ्या पुस्तकांत थॉमस अ केम्पिस यांचे ‘ख्रिस्तानुकरण’ होते. १७३५ साली त्यांनी स्वतः त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. गास्टन द रेन्टी या फ्रान्समधील कॅथलिक प्रापंचिकाचे चरित्र त्यांनी संक्षिप्त करून आपल्या अनुयायांच्या हाती दिले. दरिद्री लोकांची सेवा करणारा हा सरदार वेस्ली यांना आदर्श वाटत असे.

तरी गोड गोड बोलून सत्य झाकायला नको. वेस्ली यांनी १७४९ साली डब्लिनहून एका कॅथलिक वाचकाला उद्देशून मोठ्या मनाचे पत्र लिहिले. आपण एकमेकांविषयी वाईट बोलू नये आणि प्रेमात एकमेकांना साहाय्य करावे, असे त्याचे सार होते. पण त्याच वेस्ली यांनी १७८० साली इंग्लंडमधील कॅथलिकांना सवलती देण्याविरुद्धही जाहीरपणे लिहिले. मोठी माणसेही आपल्या काळाच्या कुंपणात अडकतात. आपण त्यांच्यातले चांगले ते घ्यावे आणि त्यांच्या चुकांकडे पाहून स्वतः सावध व्हावे.

आईच्या पदराखालची शिस्त

जॉन वेस्ली यांचा जन्म १७०३ साली इंग्लंडमधील एपवर्थ या गावी झाला. वडील सॅम्युएल हे तिथले अँग्लिकन धर्मगुरू. घरात पोरवडा, उत्पन्न तुटपुंजे, डोक्यावर कर्ज. १७०९ साली घराला आग लागली तेव्हा पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला होता. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहून त्याला खिडकीतून बाहेर काढले.

आई सुझॅना हिने एक नेम केला होता. आठवड्यातली एक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवायची, त्याला एकट्याला जवळ घ्यायचे आणि त्याच्या मनात काय चालले आहे ते विचारायचे. जॉनचा वार गुरुवार होता. मोठेपणीही त्यांना त्या गुरुवारांची आठवण येत असे. घरात इतकी मुले, इतकी कामे, आणि तरी प्रत्येकाच्या जिवाची वेगळी विचारपूस! पुढे जे उभे राहिले त्याचे बी या माउलीने पेरले होते, असे मला वाटते.

ऑक्सफर्डमध्ये शिकवत असताना जॉन, त्यांचा धाकटा भाऊ चार्ल्स आणि काही मित्र ठरलेल्या वेळी एकत्र जमत, प्रार्थना करीत, उपवास करीत, वारंवार ख्रिस्तशरीर स्वीकारीत आणि तुरुंगातील कैद्यांना भेटायला जात. त्यांचा हा नेमस्तपणा पाहून इतर विद्यार्थी त्यांना ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतीने चालणारे, असे चिडवू लागले. चिडवण्याचे नावच पुढे लाखो लोकांचे नाव झाले.

नेम होता, पण विसावा नव्हता

येथवर वाचून वाटेल, की वेस्ली जन्मजातच संत. तसे नव्हते. १७३५ साली ते धर्मप्रसारासाठी अमेरिकेतील जॉर्जिया या वसाहतीत गेले. वाटेत समुद्रात भयंकर वादळ झाले. इंग्रज प्रवासी आकांत करीत होते, पण त्याच जहाजावरची जर्मन मोरेव्हियन कुटुंबे, बायकामुलांसह, शांतपणे स्तोत्र गात राहिली. वेस्ली यांना मरणाची भीती वाटली आणि आपल्याला भीती वाटते याची लाज वाटली. जॉर्जियातील कामही फसले. एका तरुणीशी जुळत आलेले त्यांचे नाते तुटले होते. तिने दुसऱ्याशी लग्न केल्यावर त्यांनी तिला ख्रिस्तशरीर देण्याचे नाकारले. प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि ते मायदेशी परतले. इतके नेम, इतके उपवास, आणि मन मात्र कोरडे.

२४ मे १७३८ रोजी संध्याकाळी, फारशी इच्छा नसताना, ते लंडनमधील आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका प्रार्थनासभेला गेले. तिथे रोमकरांस पत्रावरील लुथर यांची प्रस्तावना कोणी वाचत होते. पावणेनऊच्या सुमारास त्यांना आपल्या अंतःकरणात एक ऊब जाणवली. ख्रिस्ताने आपल्यावर प्रेम केले आहे आणि आपले पाप दूर केले आहे, अशी खात्री त्यांना वाटली. लक्षात घ्या, त्यांनी त्यानंतर नेम सोडले नाहीत. पण नेम करून देवाला राजी करायचे असते, ही समजूत सोडली. देव आधीच राजी आहे; आपले नेम हे त्या प्रेमाला दिलेले उत्तर आहे.

यातून त्यांनी कृपेविषयीची शिकवण मांडली. माणूस देवाला शोधू लागण्याआधीच देवाची कृपा त्याच्यात काम करीत असते. सदसद्विवेकाची टोचणी हेही तिचेच काम. मग क्षमा करून नीतिमान ठरवणारी कृपा येते. आणि क्षमा मिळाली म्हणजे प्रवास संपला असे नाही. त्यानंतर माणसाला आतून बदलणारी, पवित्र करणारी कृपा आयुष्यभर चालू राहते. कॅथलिक कानांना हे परके वाटू नये. कृपा पुढाकार घेते आणि माणूस तिच्याशी सहकार्य करतो, हे आपली ख्रिस्तसभाही शिकवते.

धर्मग्रामाची वेस

१७३९ साली वेस्ली यांच्या आयुष्याला आणखी एक वळण लागले. ब्रिस्टल शहराजवळ किंग्जवूड येथे कोळशाच्या खाणी होत्या. खाणकामगारांना चर्चच्या बाकांवर जागा नव्हती, आणि त्यांच्याकडे कोणी जातही नसे. जॉर्ज व्हाइटफील्ड नावाच्या तरुण धर्मगुरूने त्यांच्यापुढे उघड्या माळावर प्रवचन केले. त्यांनी लिहून ठेवले आहे, की कोळशाने काळवंडलेल्या त्या गालांवर अश्रूंचे पांढरे ओघळ दिसू लागले. त्यांनी वेस्ली यांना बोलावून घेतले. वेस्ली यांना संकोच वाटला. सगळे काही रीतीप्रमाणे, चर्चच्या भिंतीआडच झाले पाहिजे, असे त्यांचे वळण. पण ते गेले आणि २ एप्रिल रोजी उघड्यावर बोलले.

दुसऱ्याच्या धर्मग्रामात शिरून प्रवचन करता येत नाही, असा आक्षेप आला. वेस्ली यांनी उत्तर दिले, की आपण साऱ्या जगाकडेच आपले धर्मग्राम म्हणून पाहतो. हे उत्तर आज अभिमानाने सांगितले जाते, पण तेव्हा ते उद्धटपणाचे वाटले असणार. शिस्तीच्या दृष्टीने आक्षेपही अगदीच चुकीचा नव्हता. तरी एक प्रश्न उरतोच. ज्या खाणकामगारांकडे ठरलेला धर्मगुरू जात नाही, ते कोणाच्या धर्मग्रामात?

वेस्ली यांच्या लेखी पवित्रता आणि प्रेषितकार्य या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. ज्याच्या मनात देवाचे प्रेम भरले, त्याचे पाय आपोआप घराबाहेर पडतात. आणि ज्याचे पाय घराबाहेर पडत नाहीत, त्याने मनात नक्की काय भरले आहे ते पाहावे. त्यांनी १७४६ साली लंडनमध्ये गरिबांसाठी मोफत औषधे देणारा दवाखाना उघडला, लहान धंदेवाल्यांना थोड्या मुदतीसाठी उसने पैसे देणारा निधी काढला. जानेवारी १७८५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, गरिबांच्या कपड्यांसाठी वर्गणी मागत ते लंडनच्या रस्त्यांवरून पाच दिवस घोट्याएवढ्या वितळत्या बर्फातून चालले आणि २०० पौंड जमवले.

एका पेनीची गोष्ट

या परंपरेतला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटलेला भाग एका कर्जातून जन्माला आला. ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होते. १७४२ साली ते कसे फेडावे यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या एका सभासदाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, अनेकांना तेवढेही परवडत नाही. त्यावर कॅप्टन म्हणाले, की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या; मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन.

अशा रीतीने बारा-बारा जणांचे गट पडले. पेनी गोळा करायला गटप्रमुख घरोघरी जाऊ लागले आणि त्यांना कोणी न सांगितलेल्या गोष्टी दिसू लागल्या. एक घरी दारू पिऊन पडला आहे, एका घरात नवरा-बायकोचे भांडण पेटले आहे, एक जण आजारी आहे. वेस्ली यांच्या ध्यानात आले, की आपल्याला इतके दिवस हवी होती ती हीच गोष्ट! पुढे घरोघरी जाणे अवघड झाले, तेव्हा गट आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. प्रत्येकाने आपल्या जिवाची खरी हकिगत सांगायची आणि इतरांनी ऐकायचे, धीर द्यायचा, गरज पडली तर कानही धरायचा. गटप्रमुखांत साधे कारागीर होते, स्त्रियाही होत्या. १७४३ साली या मंडळींसाठी तीन सोपे नियम झाले: कोणाचे वाईट करू नये, जमेल तितके भले करावे, आणि प्रार्थना, पवित्र शास्त्र, उपवास, प्रभुभोजन ही देवाने दिलेली साधने सोडू नयेत. सुझॅनाचा गुरुवार आता हजारो लोकांच्या वाट्याला आला होता.

एकांतात, कोणाशी संबंध न ठेवता पवित्र होता येते, ही कल्पना वेस्ली यांनी साफ नाकारली. यात त्यांचा मुद्दा मानसशास्त्राचा नाही, शुभवर्तमानाचा आहे. प्रेम हीच पवित्रता असेल, तर प्रेम करायला दुसरा माणूस लागतोच. क्षमा कोणाला करणार? सहन कोणाला करणार? रिकाम्या खोलीत सगळेच संत असतात.

आता मी वर कबूल केलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतले एक गृहस्थ रविवारच्या मिस्साला दिसेनासे झाले. समूहाच्या प्रार्थनेलाही येईनात. रोज सकाळी दूध आणायला मी त्यांच्याच फाटकावरून जात असे. एकदोनदा वाटले, आत जाऊन विचारावे. पण मनाने सांगितले, दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसायचे? घरी पत्नी म्हणाली, ‘‘अहो, एकदा जाऊन तर या.’’ मी म्हणालो, ‘‘मी काही संत नाही, ते फादर बघतील.’’ दीड वर्षाने उलगडा झाला. घरातल्या आजारपणात डोंगराएवढे कर्ज झाले होते, मिस्सात दानाची पिशवी समोर आली की हात रिकामा असे, आणि त्या लाजेने त्यांनी येणे सोडले होते. एक पेनी! कॅप्टन फॉय यांनी जी स्वतःच्या खिशातून भरायची तयारी दाखवली, तेवढीच होती ती. माझ्या नम्रतेच्या वाक्याची किंमत त्या घराने दीड वर्ष मोजली.

परिपूर्ण म्हणजे काय?

वेस्ली यांची सर्वांत वादग्रस्त शिकवण म्हणजे ख्रिस्ती परिपूर्णता. स्वर्गीय पित्यासारखे परिपूर्ण व्हा, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. देव जी आज्ञा देतो ती पाळण्याची शक्तीही देतो, मग ती आज्ञा या जन्मी शक्यच नाही असे का धरून चालायचे, असा वेस्ली यांचा युक्तिवाद होता. परिपूर्ण माणूस चुकत नाही, आजारी पडत नाही, त्याला मोह होत नाही, असे ते म्हणत नव्हते. त्यांच्या मते परिपूर्णता म्हणजे हेतूची शुद्धता. देवावर आणि शेजाऱ्यावर इतके प्रेम, की जाणूनबुजून वाईट करायला मनात जागाच उरत नाही. हे देवाचे दान आहे आणि ते एखाद्या क्षणीही मिळू शकते, असे ते मानत. पण स्वतःला ते मिळाले आहे, असा दावा त्यांनी केला नाही.

या शिकवणीतला धोका त्यांच्या हयातीतच दिसला. लंडनमधील जॉर्ज बेल नावाच्या अनुयायाला आपण परिपूर्ण झालो असे वाटू लागले आणि २८ फेब्रुवारी १७६३ रोजी जगाचा अंत होणार, असे भाकीत त्याने केले. वेस्ली यांना त्याला दूर करावे लागले. त्या दिवशी जगाचा अंत झाला नाही, पण अनेकांची श्रद्धा मात्र डळमळली. मी संत नाही, असे म्हणून सुटणारा एक, आणि मी संत झालो, असे म्हणून बिघडणारा दुसरा. दोघांचीही नजर स्वतःवरच खिळलेली.

आपली कॅथलिक शिकवण येथे जपून पाऊल टाकते. देवाच्या विशेष कृपेवाचून, जशी ती पवित्र मरियेला लाभली, कोणालाही आयुष्यभर सर्व लहानसहान पापे टाळता येत नाहीत, असे ट्रेंटच्या महासभेने शिकवले. म्हणून आपण मरेपर्यंत पापनिवेदनाला जातो आणि मृतांसाठी प्रार्थना करतो. अपुरे राहिलेले शुद्धीकरण देव पूर्ण करतो, असा आपला विश्वास आहे. मेथडिस्ट आणि आपण येथे एकमत नाही. पण व्हॅटिकन महासभेनेही पवित्रता म्हणजे प्रेमाची परिपूर्णता असेच सांगितले आहे. वाटेविषयी मतभेद असले तरी आपण एकाच डोंगराकडे पाहतो आहोत.

अठ्ठावीस पौंड

पवित्रतेची खरी परीक्षा खिशाजवळ होते. वेस्ली आपल्या एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका तरुण मेथडिस्टाची हकिगत सांगतात. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे अभ्यासक मानतात. त्याला वर्षाला ३० पौंड मिळत. २८ मध्ये त्याने भागवले आणि २ दान दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले. तरी २८ मध्येच भागवून ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२०, आणि दान ९२ पौंड. उत्पन्न चौपट झाले, गरज तेवढीच राहिली.

पण हेच वेस्ली म्हातारपणी चिंतेत पडले. १७८६ साली त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा. खरा धर्म माणसाला कष्टाळू आणि काटकसरी बनवतो. कष्ट आणि काटकसर यांतून पैसा येतो. पैसा आला की गर्व आणि ऐहिकाची ओढ वाढते, आणि धर्माचे नुसते टरफल उरते. म्हणजे भक्तीच भक्तीचा घात करते! यावर त्यांना एकच उपाय दिसला: जे मिळवतात आणि राखतात, त्यांनी तितक्याच हाताने द्यावे. वेस्ली यांनी स्वतः ते पाळले. १७९१ साली ते वारले तेव्हा मृत्युपत्रात शवपेटी वाहण्यासाठी सहा गरीब माणसे नेमा आणि त्यांना एकेक पौंड द्या, असे लिहिलेले होते. बग्गी नको, थाटमाट नको.

आपल्या आजोबा-पणजोबांनीही कष्ट केले, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले. आज अनेक घरांत जे सुबत्तेचे दिवस आहेत ते त्याच घामाचे फळ. ते वाईट नाही. पण आपले अठ्ठावीस पौंड कोणते, हे आपण कधी ठरवले आहे का? की उत्पन्नाबरोबर गरजाही वाढत गेल्या आणि दान मात्र आजोबांच्या काळातलेच राहिले?

जिथे पवित्रता थांबली

मेथडिस्टांचा इतिहास नुसता गौरवाचा नाही, आणि म्हणूनच तो उपयोगी आहे. वेस्ली यांनी १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. मृत्यूच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे खासदार विल्यम विल्बरफोर्स यांना त्यांनी धीराचे पत्र पाठवले. पण अमेरिकेतील त्यांच्या अनुयायांचे काय झाले? १७८४ साली त्यांनी गुलाम बाळगण्याविरुद्ध कडक नियम केले आणि काही महिन्यांतच ते बाजूला ठेवले. फिलाडेल्फियातील एका मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीय भाविकांना उठवून मागे हाकलण्यात आले. त्यांच्यातले रिचर्ड अॅलन, जे स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते, बाहेर पडले. त्यांनी १७९४ साली वेगळे प्रार्थनामंदिर उभे केले आणि १८१६ साली वेगळे मेथडिस्ट मंडळ स्थापले. १८४४ साली एका बिशपकडे गुलाम होते या प्रश्नावरून अमेरिकेतील मेथडिस्ट मंडळ दुभंगले.

बोट दाखवायची घाई नको. १८३८ साली अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम माणसे विकली होती. ती माणसेही आपल्यासारखीच स्नानसंस्कार झालेली कॅथलिक कुटुंबे होती. पवित्रतेची भाषा बोलणारी माणसे जेव्हा आपल्या फायद्याच्या किंवा जातीच्या वेशीपाशी येतात, तेव्हा त्यांची पावले थबकतात. आपली वेस कोणती?

मुंबईच्या किनाऱ्यावर

या परंपरेचा धागा आपल्या किनाऱ्यालाही येऊन लागला. वेस्ली यांचे सहकारी थॉमस कोक वयाच्या ६६ व्या वर्षी सिलोनकडे मिशनकार्यासाठी निघाले आणि ३ मे १८१४ रोजी हिंदी महासागरात जहाजावरच वारले. त्यांना सागरातच मूठमाती मिळाली. त्यांचे तरुण साथी त्याच महिन्यात मुंबई बंदरात उतरले, पोरके झालेले, आणि तरीही पुढे सिलोनला गेले.

पुढे मुंबईत जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन मिशनरी होऊन गेले. १८४८ साली ते आले आणि १८८८ साली मुंबईतच वारले. मधल्या ४० वर्षांत मायदेशी परतले नाहीत. मिशनचा पगार त्यांनी सोडून दिला आणि गरीब वस्तीत अगदी साधेपणाने राहिले. १८७० नंतरच्या दशकात ते मेथडिस्टांना जाऊन मिळाले. संख्येच्या हिशेबात त्यांना मोठे यश आले नाही. पण मुंबईकर त्यांच्याकडे संत म्हणून पाहत. त्यांच्या नावाचे चर्च कुलाब्यात आहे. पवित्रता हेच त्यांचे प्रेषितकार्य झाले.

आपल्या वाक्याचे काय करायचे?

वेस्ली यांच्या सगळ्याच मतांशी आपण सहमत होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. संस्कार, संतांची संगत, पवित्र मरियेचे मातृत्व, पोप महोदयांशी ऐक्य ही आपली ठेव आपल्याला प्रिय आहे. पण शेजाऱ्याच्या दिव्याने आपल्या घरातला कोपरा उजळत असेल, तर दार का लावावे? आपल्याकडे लघु ख्रिस्ती समूह आहेत. ते रोझरी म्हणून, चहा पिऊन उठण्यासाठी नाहीत. कोण येत नाही, का येत नाही, कोणाची पेनी कमी पडते आहे, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. आणि विचारणाऱ्याने चौकशीखोर न होता, स्वतःची पेनी हातात घेऊन विचारले पाहिजे.

त्या गृहस्थांकडे मी शेवटी गेलो. फार उशिरा गेलो. त्यांनी चहा ठेवला, आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. निघताना ते एवढेच म्हणाले, ‘‘बरे झाले आलात.’’ आता ते पुन्हा मिस्साला येतात. एक रिकामी खुर्ची भरली म्हणून मी संत झालो नाही. पण ते जुने वाक्य आता माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही.

यापुढे ते वाक्य ओठांवर आले की त्याला एक शब्द जोडू या: मी काही संत नाही, अजून. त्या एका शब्दात देवाच्या कृपेला जागा आहे.

हे प्रभो, आम्ही शोधण्याआधीच तू आम्हांला शोधत आलास. आमच्या नम्रतेतली पळवाट आम्हांला दाखव. ज्या फाटकावरून आम्ही रोज पुढे निघून जातो, तिथे थांबण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.